मातृऋण आणि प्राथमिक शाळा

(नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या सीमेवरील केंद्रांच्या संयुक्त शिक्षण परिषदेत मातृदिनानिमित्त केलेले भाषण)



श्रावण अमावास्या आता चार दिवसांवर आली आहे. आपल्याकडे बहुतेक गावांत त्या दिवशी पोळा असतो. हीच तिथी पिठोरी अमावास्येची, म्हणजे आपल्या परंपरेतील मातृदिनाची. वर्षभर राबणारा बैल आणि जन्मभर राबणारी आई या दोघांचे स्मरण पूर्वजांनी एकाच दिवशी ठेवले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी आपण बैलाचे खांदे मळतो, दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाही, त्याला न्हाऊ घालतो, सजवितो आणि पुरणपोळी भरवितो. परंतु त्या दिवशी घरातील आईला विश्रांती असते काय? ते पुरण कोण शिजविते, कोण वाटते, पोळ्या कोण लाटते? बैलाच्या विश्रांतीचा दिवस हा आईच्या दुप्पट कष्टांचा दिवस असतो. आणि त्या दिवशी ती पिठोरीचे व्रत करीत असेल, तर हे सारे ती उपाशीपोटी करीत असते.

आपल्या शाळांतून मातृदिन साजरा होतो. तसबिरीस हार घातला जातो, काही ठिकाणी मातांचे पाद्यपूजन होते, मुले भाषणे करतात. हे सर्व सद्भावनेनेच होते. परंतु त्या भाषणांकडे जरा लक्ष देऊन पाहावे. आई म्हणजे वात्सल्याचा सागर, आई म्हणजे त्यागाची मूर्ती, ही वाक्ये चाळीस मुलांच्या तोंडी जशीच्या तशी येतात. चाळीस मुलांच्या चाळीस निरनिराळ्या आया. पण भाषणातील आई मात्र एकच. ती कोणत्या गावची, कोणते काम करते, तिला काय आवडते, तिचे काय दुखते, याचा पत्ता त्या भाषणातून लागत नाही. ही स्तुती झाली. ही कृतज्ञता नव्हे.

कृतज्ञता हा शब्दच आपण नीट पाहू. ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले आहे हे जो जाणतो, तो कृतज्ञ. या शब्दात प्रशंसा नाही, नमस्कार नाही, डोळ्यांतील अश्रूही नाहीत. त्यात आहे ते जाणणे. आणि जाणणे हा तर शाळेचाच विषय आहे. भावना शिकविता येत नाही असे आपण म्हणतो व ते बहुतांशी खरे आहे. परंतु पाहावयास, मोजावयास, विचारावयास आणि लिहावयास शिकविणे हा आपला नित्याचा व्यवसाय आहे. म्हणून मातृऋणाची जाणीव करून देण्याचे काम हे केवळ कीर्तनकाराचे नसून प्राथमिक शिक्षकाचे आहे, एवढे एकच सूत्र मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

हे कसे करावे? एका द्विशिक्षकी शाळेत चौथीच्या मुलांना गुरुजींनी एक साधा अभ्यास दिला होता. आईचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, पाहून लिहून आणावयाचा. विशेषण एकही वापरावयाचे नाही. दुसऱ्या दिवशी मुलांनी वह्या आणल्या. कोणी लिहिले होते की आईने सकाळी अठरा भाकरी थापल्या व स्वतः शेवटची खाल्ली. कोणी लिहिले होते की सोयाबीन खुरपून आल्यावर आईने हातपाय न धुताच चूल पेटविली. एका मुलाच्या वहीत दोनच ओळी होत्या. आई केव्हा उठते व केव्हा झोपते हे मला लिहिता आले नाही, कारण मी तिच्या आधी झोपतो आणि तिच्या नंतर उठतो, असे त्याने लिहिले होते. बंधुभगिनींनो, वात्सल्याचा सागर या शब्दांनी जे साधत नाही, ते या दोन ओळींनी साधले आहे. त्या मुलास आपल्या अज्ञानाचा पत्ता लागला आणि तेथूनच जाणण्यास आरंभ होतो.

गणिताचा तासही या कामी लावता येईल. पंधरा लिटर पाण्याच्या घागरीचे पाणी पंधरा किलो भरते. हापसा घरापासून चारशे मीटर दूर आहे आणि आई सहा खेपा करते, असे समजा. मग तिने एकूण किती वजन आणले? नव्वद किलो. ती किती चालली? चार हजार आठशे मीटर, त्यांपैकी निम्मे अंतर डोक्यावर भार घेऊन. हे उदाहरण आपल्या भागातील मुलांना परके वाटणार नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ही बातमी देशभर गाजली. गाडी लातुरात पोहोचली. परंतु टाकीपासून माजघरातील रांजणापर्यंतचा शेवटचा प्रवास त्या वर्षीही बहुधा घरच्या बाईच्याच डोक्यावरून झाला. त्याची बातमी झाली नाही. मुलांनी आपल्या घराच्या खेपा मोजाव्यात, आपल्या गावाचे आकडे घालावेत आणि उत्तर स्वतः काढावे.

हा हिशेब केवळ आपल्या खेड्यापुरता नाही. केंद्र शासनाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणारी स्त्री त्या बिनमोल कामात तेव्हा दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घालवीत होती. पुरुषांपैकी जे घरकामास हात लावीत होते, ते सरासरी ९७ मिनिटे देत होते. आणि असा हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच्या आसपास होते, तर स्त्रिया एक्याऐंशी. २९९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. आपली शाळा भरते ती साधारण तेवढ्याच घड्याळी तासांची! शेतातील मजुरी, जनावरांचे वैरणपाणी, हे याखेरीज. ज्या कामास मोल नाही, रजा नाही, सेवानिवृत्ती नाही, ते काम पाच तास रोज चालते, म्हणून आपले घर चालते.

कौटुंबिक जीवनाचे सुख याच नित्याच्या गोष्टींत असते, हेही मुलांना दाखवावे. लातूरकडील आणि लगतच्या तालुक्यांतील मुलांना वेळ अमावास्या सांगावी लागत नाही. मार्गशीर्षातील त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरून जातात. कडब्याच्या कोपीत पूजा होते. भज्जी, आंबील, उंडे, खिचडी यांची पंगत बसते. गावात ज्याचे शेत नाही त्यालाही हाताला धरून नेले जाते. एवढी मोठी समाजशिक्षणाची शाळा दुसरी कोणती असेल? पण त्या भज्जीसाठी तऱ्हतऱ्हेच्या शेंगा कोणी सोलल्या, भाज्या कोणी निवडल्या, आंबिलीसाठी ज्वारीचे पीठ व ताक यांची तयारी कोणी केली, मध्यरात्री चूल कोणी पेटविली, हे मुलांनी सणाच्या दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावे. मग सणाच्या आनंदास उणेपणा येणार नाही. उलट त्या घासामागचे हात दिसू लागतील.

आपल्या आयांनी केवळ अन्न दिले असे नाही. भाषाही त्यांनीच दिली. गोदाकाठची गंगाखेडची जनाबाई दळताकांडता अभंग रचीत होती. तिच्यामागून शेकडो वर्षे मराठी मुलखातील खेड्यापाड्यांत निरक्षर बायका पहाटे जात्यावर बसून ओव्या रचीत राहिल्या. अलीकडच्या काळात गी पॉइटवॅ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. ज्यांना सही करता येत नव्हती, त्यांच्या मुखातून हे भांडार निघाले! आता पिठाच्या गिरणीने जात्याचा कष्ट वाचविला, हे उत्तमच झाले. परंतु त्या ओव्या जाणणाऱ्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत. पाचवीच्या मुलीने आपल्या आजीजवळ बसून पाच ओव्या लिहून आणल्या, तर तो भाषेचा, इतिहासाचा आणि कृतज्ञतेचा असा तिहेरी धडा होईल.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या वर्गात सर्वांची आई मराठीच बोलते असे नाही. तांड्यावरच्या मुलाची ती याडी असते. बिलोली-देगलूरकडे काही घरांत ती अम्मा असते. उदगीर-निलंग्याकडे कानडी बोलणारी असते. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी वा कोलामी बोलणारी असते. मुसलमान मुलाची ती अम्मी असते. मुलाच्या तोंडची घरची बोली ऐकून आपण हसलो, तर आपण त्याच्या आईलाच हसलो असे होते. तो शब्द फळ्यावर मानाने लिहिला, तर शाळेचा उंबरठा त्या आईसाठी थोडा बुटका होतो.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाचे उदाहरण आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले गेले आणि आजही ते वाचले जाते. याचे कारण त्यात आईची विशेषणे पुष्कळ आहेत हे नसून, प्रसंग पुष्कळ आहेत हे आहे. अंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा मुलगा, त्यासाठी आपले लुगडे पसरणारी आई आणि त्या निमित्ताने तिने मन स्वच्छ ठेवण्याविषयी दिलेली शिकवण, एवढासा तो प्रसंग. पण तो विसरता येत नाही. लहान गोष्टी जपून ठेवणारे मन म्हणजेच कृतज्ञ मन.

आता मी थोड्या नाजूक विषयाकडे येतो. मातृदिनाच्या कार्यक्रमात मागील रांगेत मान खाली घालून बसलेले एखादे मूल आपण पाहिले आहे काय? ज्यांना आई नाही अशी मुले प्रत्येक शाळेत असतात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर आणि आजचा धाराशिव जिल्हा कधी विसरणार नाही. गणेश विसर्जन करून दमलेली गावे झोपेत असताना, चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि हजारो माणसे त्यांखाली गेली. कितीतरी मुले एका क्षणात पोरकी झाली. त्यांना पुढे कोणी वाढविले? कोठे आजीने, कोठे मावशीने, कोठे चुलतीने. सुमारे बाराशे मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्यास नेले. त्या मुलांतील अनेक आज स्वतः आईबाप आहेत. आईपण हे जन्म देण्यातच संपत नाही, वाढविण्यात ते पूर्णत्वास जाते, हे आपल्या भागाने स्वतःच्या दुःखातून शिकले आहे. म्हणून मुलांना ‘तुझी आई’ असे न विचारता ‘तुला वाढविणारे माणूस’ असे विचारावे. त्या उत्तरात आजी येईल, आत्या येईल, कधी एकटा बापही येईल. त्याचाही मान तितकाच.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांविषयीही हेच सांगावयाचे आहे. मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट या भागांतून दिवाळीच्या सुमारास गाड्या भरून निघतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. म्हणजे दोन माणसांचे नाव एका हत्याराने घेतले जाते. आई फडात पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधीत असते आणि तिचे मूल गावी आजीजवळ राहून, कोठे हंगामी वसतिगृहात जेवून, आपल्या वर्गात बसलेले असते. वेळ अमावास्येला शिवार भरते, तेव्हा या घरांना कुलूप असते. अशा मुलास ‘आई तुला सोडून गेली’ असे चेष्टेनेही कोणी म्हणू नये, याची काळजी शिक्षकाने घ्यावी. आई दूर गेली आहे ती मूल शाळेत राहावे म्हणून, हे त्याला समजावून सांगणे हे आपले काम आहे. आठवड्यातून एकदा शाळेच्या दूरध्वनीवरून त्या मुलाने आपल्या आईला पाठातील एक उतारा वाचून दाखविला, तर त्या फडातल्या आईला केवढे बळ येईल!

आणखी एक सावधगिरीचा शब्द. आईच्या त्यागाचे फार गोडवे गायिले, की कधी कधी तो त्याग तसाच चालू राहावा अशी सोय होऊन बसते. आई देवता आहे असे म्हणणारा मुलगा जेवून ताट तेथेच ठेवून उठतो, तेव्हा त्याच्या भक्तीचे मोल किती? देवतेला थकवा येत नाही, असे आपण धरून चालतो. आई मात्र थकते. म्हणून जाणल्यानंतरची दुसरी पायरी म्हणजे भार हलका करणे. मुलाने आपले ताट घासावे, घागरीची एक खेप आणावी, धाकट्या भावंडास सांभाळावे. आणि ही कामे मुलींना सांगून आपण मोकळे होऊ नये. आईचा भार उतरवून तो दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवणे ही कृतज्ञता नव्हे. शाळेत वर्ग झाडण्याची, पाणी भरण्याची पाळी मुलामुलींत सारखी लावली, तर त्याचा धडा घरापर्यंत जातो.

मातृत्वाचा खरा आदर म्हणजे ते योग्य वयात आणि इच्छेने यावे, हाही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत वीस ते चोवीस वर्षे वयाच्या महाराष्ट्रातील स्त्रियांपैकी जवळजवळ बावीस टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. मराठवाड्यात हे प्रमाण याहून अधिक आहे. सातवीनंतर दोन आठवडे न आलेली मुलगी हजेरीपटावर केवळ ‘गैरहजर’ नसते. ती कदाचित बोहल्याच्या वाटेवर असते. जिचे शरीर वाढावयाचे आहे तिच्यावर आईपण लादावयाचे आणि मातृदिनाला मातृत्वाची थोरवी गावयाची, हे विसंगत आहे. तिच्या घरी वेळीच जाणारा शिक्षक एका मुलीला आणि तिच्या होणाऱ्या मुलाला, अशा दोन जिवांना वाचवितो.

शेवटी आपल्या दप्तराविषयी. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम शासकीय कागदपत्रांसाठी राज्य शासनाने ठरविला आहे. ही मुले २०३० च्या जूनमध्ये आपल्या पहिलीच्या वर्गात येतील. त्या दिवशी जनरल रजिस्टरात आईचे नाव आपण आपल्या हाताने लिहू. हा केवळ रकाना भरण्याचा प्रसंग होऊ नये. पुष्कळ गावांत बाई ही अमक्याची माय, तमक्याची सून किंवा फलाण्याची बायको म्हणूनच ओळखली जाते. तिचे नाव घेण्याचा प्रसंगच येत नाही. पिठोरीच्या पूजेत आई ‘अतिथी कोण?’ असे विचारते, तेव्हा पाठीशी उभे असलेले मूल आपले नाव सांगून वाण घेते. आता शाळेने त्या घेणाऱ्यास देणाऱ्याचे नाव विचारावयाचे आहे.

यासाठी आपल्या विचारार्थ चार सूचना करतो :

१. या वर्षी मातृदिनाच्या भाषणांऐवजी ‘मला वाढविणाऱ्या माणसाचा एक दिवस’ हा लेखनपाठ घ्यावा. विशेषणे वर्ज्य करावीत; पाहिलेले व मोजलेले तेवढेच लिहावे.

२. माता-पालकांच्या सभेत प्रत्येक आईस तिच्या स्वतःच्या नावाने, आदरार्थी प्रत्यय लावून, हाक मारावी. सभा तिच्या सवडीच्या वेळी ठेवावी. खुरपणीच्या ऐन भरात दुपारी बोलावू नये.

३. ज्या आईला सही येत नसेल, तिला तिच्याच मुलाने सही शिकवावी. अंगठ्याच्या जागी तिचे नाव उमटेल, तो दिवस शाळेच्या फलकावर नोंदवावा.

४. शाळेत आपल्या मुलांसाठी अन्न शिजविणाऱ्या स्वयंपाकी व मदतनीस भगिनींना या दिवशी विसरू नये. त्याही कोणाच्या तरी आया आहेत आणि रोज आपल्या सर्व मुलांच्या आया होतात. त्या दिवशी मुलांनी व शिक्षकांनी वाढावे आणि त्यांनी बसून जेवावे.

यांपैकी एकाही गोष्टीस अनुदान लागत नाही, परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. आपण स्वतःही कोणाच्या तरी कष्टावर शिकून या खुर्चीवर बसलो आहोत. आपल्यातील कित्येकांची डी.एड.ची फी कोंबड्या विकून, मजुरीचे पैसे गाठीला बांधून, हातातील पाटल्या मोडून भरली गेली असेल. त्या हातांचे ऋण फिटण्यासारखे नाही. पण ते जाणता येते, आणि जाणणारी आणखी एक पिढी आपल्या हातून घडविता येते.